शास्त्रात नसलेली शास्त्रवचने

मराठी ख्रिस्ती समाजात एखादे वाक्य 'शास्त्रात म्हटले आहे' अशा प्रस्तावनेसह उच्चारले गेले की त्याविषयीची चर्चा बहुधा तिथेच थांबते. 'शास्त्र' या शब्दाने इथे बायबल, म्हणजे मुख्यतः हिब्रू भाषेतील जुना करार आणि ग्रीक भाषेतील नवा करार मिळून झालेला ग्रंथसंग्रह अभिप्रेत असतो, आणि त्याचा अधिकार श्रोत्याने आधीच मान्य केलेला असतो. परंतु अशा प्रस्तावनेने सांगितल्या जाणाऱ्या वाक्यांपैकी काही बायबलच्या कोणत्याही पुस्तकात सापडत नाहीत, काही तिथे आहेत पण अर्धी, आणि काही पूर्ण असली तरी ती ज्या प्रसंगी व ज्यांना उद्देशून लिहिली गेली त्या प्रसंगातून उचलून भलत्याच ठिकाणी आणून ठेवलेली आहेत. याच्या उलट प्रकारही घडतो. 'पेरावे तसे उगवते' ही म्हण निखळ आपल्या शिवारातली आहे असे कोणाही मराठी माणसाला वाटते, आणि नेमका तोच आशय आद्य ख्रिस्ती प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. तेव्हा कोणते वाक्य कुठले, हे केवळ कानाने ओळखता येत नाही. पण वाक्याचे मूळ शोधणे हा या विषयाचा सोपा भाग आहे. अवघड भाग हा, की एखादे वाक्य शास्त्रवचन म्हणून स्वीकारले गेल्यावर ते कोणाला मोकळे करते आणि कोणावर ओझे टाकते, हे पाहणे.

या वाक्यांत अग्रस्थान 'जो स्वतःला मदत करतो त्याला देव मदत करतो' या वाक्याला द्यावे लागते. त्याचे मूळ ख्रिस्तपूर्व ग्रीक जगात आहे. इसापच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका कथेत चिखलात रुतलेल्या गाडीचा मालक हर्क्युलिसचा धावा करतो, तेव्हा तो देव त्याला आधी चाकाला खांदा लावण्यास सांगतो. इंग्रज कवी व धर्मोपदेशक जॉर्ज हर्बर्ट याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या म्हणींच्या संग्रहात हा आशय आला, राजद्रोहाच्या आरोपाखाली १६८३ मध्ये शिरच्छेद झालेल्या अल्जर्नन सिडनीच्या राज्यशास्त्रावरील ग्रंथात तो १६९८ मध्ये छापला गेला, बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ च्या आपल्या पंचांगवजा वार्षिकात तो घातला, आणि सॅम्युएल स्माइल्सने १८५९ मध्ये 'सेल्फ-हेल्प' या पुस्तकाचा आरंभच त्याने केला. या मालिकेत हर्बर्टचा अपवाद वगळता धर्मोपदेशक कोणी नाही. राजकारणी आहे, मुद्रक आहे, उद्योगाचा पुरस्कर्ता आहे. उद्यमशील मध्यमवर्गाला आपल्या यशामागे ईश्वरी संमती आहे असे वाटणे सोयीचे होते, आणि ती सोय या वाक्याने करून दिली.

मराठीत या आशयाची जागा आधीपासून भरलेली होती. 'प्रयत्नांती परमेश्वर' ही म्हण तेच सांगते, आणि 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण आळशाची टर उडवून त्याच निष्कर्षाला येते. म्हणूनच मराठी ख्रिस्ती श्रोत्याला उपासनेतील उपदेशात हे वाक्य आले तर ते परके वाटत नाही. घरातले शहाणपण आणि मंदिरातले शहाणपण एकमेकांना दुजोरा देत आहेत असा त्याचा समज होतो.

ख्रिस्ती सिद्धान्ताच्या दृष्टीने मात्र या वाक्याची अडचण गंभीर आहे. नव्या कराराचा गाभा 'कृपा' या संकल्पनेत आहे, आणि कृपा म्हणजे पात्रता सिद्ध होण्यापूर्वी, किंबहुना ती सिद्ध होण्याची शक्यताच नसताना, देवाने केलेले साहाय्य. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल म्हणतो तो मुद्दा असा की माणसे दुर्बळ असतानाच ख्रिस्त त्यांच्यासाठी मेला. ती सबळ होण्याची वाट पाहिली गेली नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस नावाच्या संन्याशाने असे प्रतिपादन केले की मनुष्य आपल्या इच्छाशक्तीच्या बळावर सदाचार साधू शकतो, आणि त्याला उत्तर देण्यात उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीनने आपल्या आयुष्याची अनेक वर्षे खर्च केली. ४१८ मध्ये कार्थेज येथील धर्मसभेने पेलागियसचे मत पाखंडी ठरवले. म्हणजे चर्चने एकदा वाद घालून जे मत बाहेर काढले, तेच मत म्हणीच्या वेषात मागल्या दाराने आत येऊन बसले आहे.

याचा अर्थ बायबल आळसाची पाठराखण करते असा नाही. नीतिसूत्रांच्या पुस्तकात आळशाला मुंगीकडे पाहून शिकण्यास सांगितले आहे, आणि काम करण्याची इच्छा नसलेल्याने खाऊही नये, असे थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात स्पष्ट आहे. पण ती सूचना जो काम करू शकतो आणि करत नाही त्याच्यासाठी आहे. देवाच्या मदतीची ती अट नव्हे. लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात वाटमाऱ्यांनी अर्धमेला करून टाकलेला माणूस स्वतःला काय मदत करणार होता? तो दाखला या वाक्याच्या कसोटीवर लावला, तर याजक आणि लेवी हे दोघे बाजूने निघून गेले ते योग्यच केले, असा निष्कर्ष काढावा लागेल.

दुसरे वाक्य अधिक मृदू आहे, आणि म्हणूनच अधिक दूरवर पोचलेले आहे. घरात मृत्यू झालेला असतो, दफनविधी आटोपून मंडळी घरी परतलेली असतात, सतरंजीवर नातलग आणि शेजारी दाटीवाटीने बसलेले असतात, कोणीतरी चहाचे पेले फिरवत असते, आणि तरुण मुलगा गमावलेल्या आईच्या पाठीवर हात ठेवून एखादी वडीलधारी बाई म्हणते, 'देव सोसेल तेवढंच देतो गं बाई.' बोलणारीच्या मनात कळकळ असते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तिला कोणी विचारले, तर हे बायबलमध्येच आहे असे ती खात्रीने सांगेल, आणि तिची समजूत सर्वस्वी निराधार आहे असेही म्हणता येणार नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायातील तेराव्या वचनात शक्तीपलीकडे न जाऊ देण्याविषयीचे आश्वासन आहेच.

ते आश्वासन कशाविषयी आहे हे मात्र त्याच अध्यायाच्या आरंभापासून वाचले म्हणजे कळते. इस्राएल लोक अरण्यातून जाताना मूर्तिपूजेला, व्यभिचाराला आणि कुरकुरीला कसे बळी पडले याची उदाहरणे पौल एकामागून एक देतो, आणि करिंथ शहरातील मंडळीला तशाच मोहांपासून सावध करतो. मोह कितीही मोठा असला तरी त्यातून निसटण्याची वाट देव ठेवतोच, म्हणून पापाला शरण जाण्यावाचून गत्यंतर नव्हते अशी सबब कोणी सांगू नये, हा त्या वचनाचा रोख आहे. तिथे विषय नैतिक प्रलोभनाचा आहे. कर्करोग, अपघात, नापिकी किंवा पुत्रशोक यांचा तिथे उल्लेखही नाही.

दुःखाविषयी पौल काय म्हणतो ते पाहायचे असेल तर त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा पहिला अध्याय उघडावा लागतो. आशिया प्रांतात आपल्यावर आलेले संकट शक्तीपलीकडचे होते, जगण्याचीही आशा उरली नव्हती, असे तो तिथे कोणताही आडपडदा न ठेवता लिहितो, आणि त्याचे कारण म्हणून सांगतो ते असे की आपण स्वतःवर नव्हे, तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भिस्त ठेवावी. प्रचलित वाक्यात माणसाची सहनशक्ती हे माप असते; पौलाच्या अनुभवात ते माप मोडून पडलेले आहे. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा त्याला सोसेल तेवढेच दिलेले होते असे म्हणायचे काय? पहिल्या राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात देवदूत त्याला असले काही ऐकवत नाही. तो त्याला भाकरी आणि पाणी देतो, झोपू देतो, आणि पुन्हा उठवून खायला घालतो.

या वाक्याचा खरा दोष ते बायबलबाह्य असण्यात नाही. जी आई खचून गेली आहे तिला ते आडवळणाने सांगते की तू खचायला नको होतेस, कारण हे तुझ्या आवाक्यातले होते. तिची श्रद्धा कमी पडली असा अर्थ त्यातून तिने काढला, तर तो तिचा दोष मानता येत नाही. उलट जमलेल्या मंडळींना ते मोकळे करते. ओझे तिला पेलण्याजोगेच असेल, तर इतरांनी खांदा देण्याचे कारण काय? गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील एकमेकांची ओझी वाहण्याची आज्ञा तिथे निरर्थक ठरते, कारण ती आज्ञा काही ओझी एकट्याला न पेलणारी असतात हे गृहीत धरूनच दिलेली आहे. याकोबाच्या पत्रात तर अशा कोरड्या धार्मिक उद्गारांवर थेट टीका आहे: उघड्या आणि उपाशी बंधूला नुसते सुखाने जा, ऊब घे, पोट भर असे म्हणून वाटेस लावणाऱ्याचा विश्वास निर्जीव आहे, असा त्या पत्राचा निर्वाळा आहे.

याच घरात ऐकू येणारे आणखी एक वाक्य, 'प्रत्येक गोष्टीमागे देवाचे काही कारण असते', हे पहिल्या दोहोंइतके सरळ फेटाळता येत नाही. देवाच्या हातून इतिहास निसटत नाही ही श्रद्धा बायबलमध्ये सर्वत्र आहे, आणि भावांनीच विकून टाकलेल्या योसेफाची कथा तर तिच्यावरच उभी आहे. पण योसेफ ते आपल्या भावांना सांगतो ते संकट ओलांडून कित्येक वर्षे लोटल्यावर, आणि स्वतःच्या संकटाविषयी सांगतो. दुसऱ्याच्या ताज्या जखमेवर बोट ठेवून कारण सांगण्याचा प्रयत्न झाला तेव्हा येशूने तो दोनदा मोडून काढला आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांचा उल्लेख आहे, आणि ते इतरांहून अधिक अपराधी नव्हते एवढेच येशू सांगतो. बुरूज का कोसळला याचे स्पष्टीकरण देत नाही, ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करण्यास सांगतो. महाराष्ट्रात हा मुद्दा विशेष जपण्याजोगा आहे, कारण इथे पूर्वकर्माच्या भाषेचा वारसा सर्वांच्या बोलण्यात आहे आणि 'कुठल्या जन्माचं पाप भोवलं' या वाक्यातला जन्म काढून टाकून उरलेले वाक्य ख्रिस्ती तोंडी रुळायला वेळ लागत नाही. देवाचे मार्ग गूढ असतात, हे देवाच्या कारणाविषयीच्या त्या वाक्याचे इंग्रजी भावंड विल्यम कूपर या कवीच्या १७७३ मधील स्तोत्रातून आलेले आहे. ते उच्चारणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते की कूपरला तीव्र विषादाने ग्रासले होते, आणि पुढे देवाने आपल्याला कायमचे टाकून दिले आहे अशीच त्याची खात्री झाली होती. त्याने ते स्वतःसाठी लिहिले. दुसऱ्याला गप्प करण्यासाठी नव्हे.

अर्धवट उचललेल्या वचनांचा वर्ग याहून वेगळा आहे. 'पैसा हे सर्व अनर्थाचे मूळ' या वाक्यातून तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील 'लोभ' गळून पडला आहे. मूळ वचन द्रव्याच्या लोभाला दोष देते, द्रव्याला नव्हे. गळालेल्या या शब्दाचा लाभ गरीब आणि श्रीमंत दोघेही आपापल्या परीने घेतात. ज्याच्याकडे पैसा नाही त्याला आपण निर्लोभी आहोत असे आपोआप वाटू लागते, आणि ज्याच्याकडे आहे तो, वाक्य इतके टोकाचे असल्यामुळे, ते मनावरच घेत नाही.

'छडी वाचवाल तर मूल बिघडवाल' या वाक्याची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. नीतिसूत्रांच्या तेराव्या अध्यायात मुलाला शिस्त न लावणारा बाप त्याचा वैरी होय, असा आशय छडीच्या उल्लेखासह आहे, हे मान्य केले पाहिजे. पण आज शाळांत व घरांत ज्या आटोपशीर रूपात ते फिरते, ते रूढ केले सॅम्युएल बटलरने 'हुडिब्रास' या प्युरिटन पंथीयांची खिल्ली उडवणाऱ्या उपहासकाव्यात, १६६४ मध्ये, आणि तिथला संदर्भ मुलांच्या शिक्षणाचा नसून एका विधवेने आपल्या प्रियाराधकाला फटके खाण्याची अट घालण्याचा आहे. चावट थट्टेतले वाक्य धर्माज्ञा म्हणून मुलांच्या पाठीवर उमटावे, याला काय म्हणावे! मराठी शाळांत 'छडी लागे छमछम' आधीपासून होतेच. मिशनच्या शाळांत त्याला शास्त्राधार मिळाला एवढेच. नीतिसूत्रे हा व्यवहारज्ञानाचा संग्रह आहे, त्यातील वाक्ये कायद्याची कलमे नव्हेत, आणि बापांनी मुलांना चीड आणू नये ही इफिसकरांस पत्रातील सूचना सांगताना मात्र शास्त्र आठवत नाही.

'स्वच्छता तेथे देव' हे सुभाषित शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतींवर रंगवलेले असते, आणि त्याचे इंग्रजी रूप जॉन वेस्ली या मेथडिस्ट चळवळीच्या प्रवर्तकाच्या अठराव्या शतकातील पोशाखाविषयीच्या प्रवचनात आढळते. त्याही आधी, १६०५ मध्ये, फ्रान्सिस बेकनने शरीराच्या स्वच्छतेचा संबंध देवाविषयीच्या आदराशी जोडला होता, आणि दुसऱ्या शतकातील यहुदी गुरू पिनहास बेन याईर यांच्या नावावरील सद्गुणांच्या सोपानात स्वच्छता ही पवित्रतेकडे नेणारी एक पायरी आहे. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने या सुभाषिताविरुद्ध बोलण्यासारखे काही नाही. धर्मवचन म्हणून मात्र ते भारतीय भूमीवर धोक्याचे आहे, कारण इथे शुद्धतेची कल्पना शतकानुशतके माणसे वेगळी काढण्यासाठी वापरली गेली, आणि ज्यांच्या श्रमाने गाव स्वच्छ राहिले त्यांनाच देवळाच्या पायरीवरून परत पाठवले गेले. मार्कच्या सातव्या अध्यायात न धुतलेल्या हातांनी जेवणाऱ्या शिष्यांवर परूशी, म्हणजे नियमशास्त्राच्या काटेकोर पालनाचा आग्रह धरणाऱ्या यहुदी पंथाचे लोक, आक्षेप घेतात, तेव्हा येशूचे उत्तर असे आहे की माणसाला बाहेरून आत जाणारे काही विटाळवत नाही, अंतःकरणातून बाहेर येते ते विटाळवते. त्याच शुभवर्तमानात तो कुष्ठरोग्याला स्पर्श करतो, आणि बारा वर्षे रक्तस्राव होत असलेली स्त्री त्याच्या वस्त्राला शिवते तेव्हा तिला 'मुली' म्हणतो. देव स्वच्छतेच्या शेजारी राहतो, हे या प्रसंगांच्या उजेडात कसे म्हणायचे?

'पापाचा तिरस्कार करा, पाप्याचा नको' हे वाक्य भारतात गांधीजींच्या आत्मकथेमुळे सर्वपरिचित झाले, आणि अनेक ख्रिस्ती उपदेशक ते येशूचे म्हणून सांगतात. त्याचा पूर्वावतार ऑगस्टीनने जोगिणींच्या एका मठाला लिहिलेल्या पत्रात आहे: दोषाविषयी तिटकारा आणि माणसाविषयी प्रेम, असा त्याचा आशय. वाक्य भले आहे. तरी ते उच्चारताना दुसऱ्याला आधी पापी ठरवलेले असते आणि बोलणारा स्वतः त्या वर्गाबाहेर उभा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे येशू जकातदारांच्या पंक्तीला बसला तेव्हा त्याने असे काही बोलून का दाखवले नाही, याचा उलगडा होतो.

वाक्यांपेक्षा चित्रांत शिरलेल्या भर फारशा चिंतेच्या नाहीत, आणि गंमत अशी की चुका शोधण्याची हौस असणारे बहुधा तिथेच रमतात. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात निषिद्ध फळाचे नाव नाही, सफरचंद पुढे युरोपीय चित्रकारांनी रूढ केले. यशयाच्या अकराव्या अध्यायात कोकराजवळ सिंह नसून लांडगा आहे. मत्तय दुसऱ्या अध्यायात पूर्वेकडील ज्ञानी लोकांची संख्या सांगत नाही. सोने, ऊद व गंधरस या तीन भेटींवरून ते तीन ठरले, पुढे राजे झाले आणि त्यांना गास्पर, मेल्कियोर व बाल्थाझार ही नावेही मिळाली. गोव्यात दरवर्षी ६ जानेवारीच्या सणाला चांदोर आणि रेइस मागुश येथे तीन मुले राजवस्त्रे आणि मुकुट घालून घोड्यांवरून चर्चकडे येतात, गाव त्यांना पाहायला लोटतो, आणि त्या मिरवणुकीत कोणाचे काही बिघडत नाही. मत्तयाने न दिलेली संख्या लोकांनी भरून काढली, पण तिने कोणाचाही भार वाढवला नाही.

अशी सरमिसळ होण्यास मराठी ख्रिस्ती इतिहासातही कारणे आहेत. फादर थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे छापले गेले, तर मराठी नवा करार सेरामपूरहून विल्यम कॅरीच्या प्रयत्नाने निघाला तो १८११ मध्ये. म्हणजे सुमारे दोनशे वर्षे या भाषेत ख्रिस्ती कथा ओवीबद्ध होऊन कानावर पडत होती आणि मूळ वचने वाचून ताडून पाहण्याची सोय नव्हती. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सामान्य स्त्रियांनाही कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर करण्यात आयुष्याची अखेरची वर्षे घालवली, आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ऐकलेले शास्त्र आणि वाचलेले शास्त्र यांतले अंतर त्यांना चांगले ठाऊक होते.

तथापि बायबलमध्ये नाही म्हणून त्याज्य, हा निकषही टिकत नाही. कॅथलिक वाचकाला तर तो मुळातच मान्य नसेल, कारण १५४६ मध्ये ट्रेन्ट येथील धर्मसभेने प्रेषितांपासून चालत आलेल्या परंपरेला लिखित शास्त्राच्या बरोबरीचा मान दिला आहे. पण केवळ शास्त्राला प्रमाण मानणाऱ्या प्रॉटेस्टंटांनाही बायबलच इथे अडवते. कुसंगतीने नीती बिघडते, हे पौलाचे प्रसिद्ध वाक्य मेनॅन्डर या ग्रीक नाटककाराचे आहे. अथेन्स येथील भाषणात तो अराटस या कवीचा आधार घेतो. येशू स्वतः नासरेथच्या सभास्थानात वैद्याविषयीची एक चालू म्हण उद्धृत करतो. घेण्यापेक्षा देण्यात अधिक धन्यता आहे, हे येशूचे वचन प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पौलाच्या तोंडी येते, चार शुभवर्तमानांत ते नाही. शुभवर्तमानांबाहेर राहिलेल्या अशा वचनांपैकी एक भारतात दगडावर कोरलेले आहे: फतेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावरील १६०१ च्या सुमाराच्या फारसी लेखात, जग हा पूल आहे, तो ओलांडावा, त्यावर घर बांधू नये, अशा अर्थाचे वाक्य मरियमचा पुत्र ईसा याच्या नावावर दिले आहे. गोव्याहून जेझुइट पाद्री १५८० मध्ये अकबराच्या याच राजधानीत आले होते, तरी ते वाक्य त्यांच्याकडून आले असे मानण्याचे कारण नाही, कारण मुस्लिम धर्मपंडित अल-गझालीच्या ग्रंथात ते कितीतरी आधीपासून आहे. ते येशूचे आहे हे सिद्ध करता येत नाही. पण डोके टेकायला जागा नसलेल्या येशूच्या तोंडी ते विसंगत वाटत नाही, हेही खरे.

उलट, बायबलमध्ये आहे म्हणून ग्राह्य, हेही तितकेच फसवे आहे. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर अध्यायामागून अध्याय धार्मिक वाक्ये बोलतात, आणि त्यांतील बरीचशी भिंतीवर टांगण्याजोगी आहेत. पण शेवटी देव त्यांच्यावर संतापतो आणि त्यांचे बोलणे यथार्थ नव्हते असे बजावतो. सैतान येशूला मोहात पाडताना स्तोत्रवचनच म्हणतो. आणि यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात तर एका लोकप्रिय म्हणीवर खुद्द देवाने बंदी घातलेली आहे. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, असे बाबेलच्या बंदिवासातील लोक म्हणत, आणि त्यातून आपल्या दुःखाचे खापर मागच्या पिढीवर फोडत. ही म्हण यापुढे इस्राएलात चालणार नाही, असे देव शपथेवर सांगतो. ती शास्त्रात आहे की नाही, हा प्रश्न तिथे नाही. ती माणसाला निराशेत बांधून ठेवते, हा आहे.

ही कसोटी लावली तर निकाल सारखा येत नाही. तीन राजे आणि सफरचंद यांना हात लावण्याचे कारण नाही. प्रयत्नाची महती सांगणारी म्हण शेतात आणि दुकानात खुशाल वापरावी, वेदीवरून मात्र ती देवाच्या नावाने सांगू नये. छडीचे वाक्य शाळेतून जावे हे तर कायद्यानेच ठरवले आहे. 'देव सोसेल तेवढंच देतो' हे वाक्य मात्र शोकाच्या घरातून पूर्णपणे उठवले पाहिजे, आणि त्याची सुरुवात पाळकांनी करावी. दफनविधीच्या उपासनेत बहुधा तेविसावे किंवा नव्वदावे स्तोत्र वाचले जाते. त्यांच्या जोडीला अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्रही वाचावे. त्यात आरंभापासून अखेरपर्यंत आकांत आहे, उत्तर नाही, आणि ते अंधारावरच संपते. ज्यांनी बायबलची पुस्तके एकत्र केली त्यांनी त्याला सांत्वनाची ओळ जोडली नाही.